सी१० चं नाक खाली आणायचंय, स्प्रिंग कापू की स्पिंडल बदलू?

ह्यूस्टनवाला

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे धागे म्हणजे "बजेट बारा लाख, कुठली घेऊ" एवढेच असतात, त्यात हा विषय कितपत चालेल माहीत नाही. पण इंग्रजी फोरमवर विचारलं की लोक आपापसातच भांडत बसतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला, म्हणून इथे टाकतोय.

माझ्याकडे १९७० ची शेवरोले सी१० पिकअप आहे. शॉर्ट बेड, टू व्हील ड्राइव्ह, २५० क्युबिक इंचांचं सरळ सहा सिलिंडर इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर (पद्मिनी चालवलेल्यांना लगेच जमेल). चारही बाजूंनी गंज नाही, इंजिन एका हाकेत सुरू होतं. फक्त गाडी दिसते उंटासारखी. टायर आणि फेंडरच्या मधे इतकी जागा आहे की आमचं मांजर तिथे झोपतं.

मला पुढून साधारण ३-४ इंच खाली हवी आहे, मागचं नंतर बघू. शोमध्ये वगैरे न्यायची नाही. शनिवार-रविवार लाकूडसामान आणायला वापरतो आणि मंडळाच्या विसर्जनाची मिरवणूक याच ट्रकवर निघते, म्हणजे मागे मूर्ती, मखर, ढोलवाली चार पोरं आणि न सांगता चढणारे काका एवढं वजन धरा.

शेजारी म्हणतो ग्राइंडर आण, पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा काप, दुपारच्या आत काम खलास. दुसरा म्हणतो ड्रॉप स्प्रिंग (गाडी खाली आणणारी तयार आखूड स्प्रिंग) विकत घे. तिसरा म्हणतो ड्रॉप स्पिंडल. पुढे अजून ड्रम ब्रेक आहेत हेही सांगून ठेवतो. काय करू?

जुना_खोंड

काप. नव्वदीत न्यू जर्सीला माझ्या एस१० पिकअपच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला होता, विकेपर्यंत काही झालं नाही. उगाच पार्टवाल्यांची धन करू नका.

कुंपणावरची

मांजराचं काय होणार हा खरा प्रश्न आहे.

आजोबा_ठाणे

५० वर्षं टिकलेली गाडी आहे तशी ठेवायची सोडून हे काय धंदे. ज्यांनी बनवली ते इंजिनिअर मूर्ख होते का?

डेट्रॉइटी

आजोबा, मूर्ख नव्हते, पण त्यांनी ती शेतातल्या चाकोऱ्या आणि मागे अर्धा टन माल धरून बनवली होती. ह्यूस्टनच्या फ्रीवेवर रिकामी चालवायला नाही. त्यामुळे खाली आणण्यात पाप नाही, कशी आणता त्याला महत्त्व आहे.

@ह्यूस्टनवाला, मी सस्पेंशनमध्येच काम करतो (ट्रकच्या नाही, साध्या गाड्यांच्या), तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

आधी माप घ्या. सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर, दोन्ही बाजूंनी. टाकी अर्धी भरलेली ठेवा (तुमच्या मॉडेलला टाकी केबिनमध्ये सीटच्या मागेच असते, वजनात फरक पडतो). हे एवढ्यासाठी की जुन्या स्प्रिंगा बऱ्याचदा आधीच बसलेल्या असतात आणि त्याही दोन्ही बाजूंना सारख्या नाही. लोक नवीन १ इंची ड्रॉप स्प्रिंग लावतात, गाडी खाली उतरवतात आणि बघतात तर आहे तिथेच किंवा चक्क वर. मग पार्टवाल्याला शिव्या. स्प्रिंग मागवताना सहा सिलिंडर आहे हेही सांगा, व्ही-८ साठीची घेतलीत तर हलक्या इंजिनाखाली गाडी वरच राहील.

आता कापण्याबद्दल. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांवर अवलंबून असतो, वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. हे एका अर्थी बरंच आहे कारण खाली आलेल्या गाडीला दबायला जागा कमी उरलेली असते. पण किती खाली येईल हा हिशोब लोक चुकवतात. सी१० ला स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चॅसीपासून चाकापर्यंत जाणारा, वरखाली हलणारा हात) साधारण मध्यावर बसते, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे स्प्रिंग १ इंच आखूड झाली तर चाकापाशी फरक पडतो जवळजवळ २ इंचांचा. "एकच वेढा" कापणारा माणूस म्हणून ढोपरावर बसून रडतो. कापलेलं परत जोडता येत नाही.

आणि स्प्रिंग आखूड करून गाडी खाली आणली की आर्मचे कोन बदलतात. चाक वरून आत कलतं, टायर आतल्या कडेने खाते, बंप स्टॉप (धक्का अडवणारा रबरी ठोकळा) आर्मला टेकायला येतो, शॉकअप आपल्या प्रवासाच्या तळाशी जाऊन बसतो. तुम्हाला जे हवंय (३-४ इंच, शिवाय वजन, शिवाय रोज चालवण्यासारखी) त्यात नुसत्या स्प्रिंगवर सगळा भार टाकू नका.

ह्यूस्टनवाला

@डेट्रॉइटी, जबरदस्त, धन्यवाद. मग स्पिंडलने हे सगळं कसं टळतं? आणि "स्पिंडल" म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला स्टब ॲक्सल म्हणतात तेच ना?

डेट्रॉइटी

तेच. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटच्या (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) मधे जो तुकडा उभा असतो आणि ज्याच्या दांड्यावर चाकाची बेरिंग बसतात तो. ड्रॉप स्पिंडलमध्ये बॉल जॉइंटची भोकं आहे तिथेच, पण तो दांडा वर सरकवलेला, सी१० साठी बहुतेक २.५ इंच. दांडा वर गेला म्हणजे चाक वर गेलं, चाक तर जमिनीवरच राहणार, म्हणजे गाडी २.५ इंच खाली. स्प्रिंग तीच, आर्मचा कोन तोच, शॉकअपचा प्रवास तोच. बसल्यावर गाडी पूर्वीसारखीच मऊ लागते, फक्त दारातून उतरताना पाय लवकर टेकतो. वरून १ इंची ड्रॉप स्प्रिंग लावा, साडेतीन इंच झाले.

उद्यमनगर

वाचतोय. कोल्हापूर. फाउंड्री असल्यामुळे "स्पिंडल" दिसलं की थांबलो.

एक विचारू का, हे बाजारातले ड्रॉप स्पिंडल ओतलेले असतात का फोर्ज केलेले? फोटोत पार्टिंग लाइन आणि पृष्ठभाग बघून तर कास्टिंगच वाटतंय.

डेट्रॉइटी

बरोबर ओळखलंत. कंपनीचे मूळ फोर्ज्ड असायचे, बाजारातले बरेचसे डक्टाइल आयर्नचे ओतलेले. त्यावरून इथे लोकांच्यात हाणामाऱ्या होतात.

निनाद_पुणे

ओतीव लोखंडाचं स्टीअरिंगचं पार्ट???? मी तर त्या गाडीच्या मागून सुद्धा जाणार नाही.

उद्यमनगर

@निनाद, तुम्ही आज ज्या गाडीतून ऑफिसला गेलात तिचे नकल (म्हणजे हेच स्पिंडल) बहुधा ओतीवच असतील. ओतीव म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तवा नाहीतर ड्रेनेजचं झाकण येतं, ते ग्रे आयर्न. त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं आणि तडा त्या पापुद्र्यांवरून पळतो, म्हणून आपटलं की फुटतं. एसजी आयर्न, म्हणजे तुमचं डक्टाइल, त्यात ओतायच्या आधी मॅग्नेशियम देतात, तेच ग्रॅफाइट गोट्यांच्या आकारात जमतं. तडा जायला वाट मिळत नाही, मग ते फुटायच्या आधी वाकतं. ४०० / १५ ग्रेड म्हटलं तर तो १५ म्हणजे ताणल्यावर तुटेपर्यंत १५ टक्के लांबतो. गाड्यांचे नकल, हब, ब्रेकचे कॅलिपर ब्रॅकेट यात भरपूर जातात, आमच्या शिवाजी उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावात कुणालाही विचारा.

प्रश्न ओतीव की घडीव हा नाहीच. प्रश्न आहे मॅग्नेशियम दिल्यावर किती मिनिटांत ओतलं. उशीर झाला की परिणाम उतरतो आणि शेवटच्या साच्यांत गोट्यांऐवजी किडे दिसायला लागतात. चांगला कारखाना प्रत्येक लाडलचा (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि असल्या सेफ्टी पार्टला अल्ट्रासॉनिक लावतो, एसजी चांगलं असेल तर त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर येतो, ग्रे मध्ये बराच कमी. आमचे जुने फोरमन नुसती हातोडी मारून सांगायचे. टण्ण वाजलं तर ठेव, बद्द वाजलं तर भट्टीत परत.

तेव्हा घ्या, पण नाव-गाव नसलेला, डब्यावर पार्ट नंबर नसलेला स्वस्तातला माल घेऊ नका. आला की दांड्याच्या मुळाशी, जिथे तो अंगातून बाहेर येतो, तिथली गोलाई बोटाने चाचपा. तिथे खाच किंवा टूलची रेघ लागली तर परत पाठवा. तडा सुरू झाला तर तिथूनच होणार.

निनाद_पुणे

शब्द मागे घेतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कुंपणावरची

"गोट्यांऐवजी किडे" हे वाचून आता तव्यावर पोळी टाकताना विचार येणार.

जंकयार्ड_जाधव

सगळे एवढं बोलले पण ह्यूस्टनवाल्याने पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलेली गोष्ट कुणी उचलली नाही, पुढे ड्रम आहेत. १९७० पर्यंत सी१० ला पुढे ड्रमच, डिस्क आल्या १९७१ ला. आणि बाजारात मिळणारे ड्रॉप स्पिंडल डिस्कसाठीच बनवलेले असतात. म्हणजे भाऊ, तुम्ही स्पिंडल बदलायला निघालात की ब्रेक बदलायला निघालात असं समजा. हे चांगलंच आहे, ड्रमवर ती गाडी पावसात थांबवणं म्हणजे अर्ज करून मंजुरीची वाट बघणं.

मी ॲरिझोनात असतो, इथे गंज नाही त्यामुळे जंकयार्डात अजून माल मिळतो. दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे १९७३ ते ८७ च्या स्क्वेअर बॉडी सी१० चं पुढचं अख्खं सस्पेंशन क्रॉसमेंबरसकट (चॅसीचा आडवा तुळईसारखा भाग) काढायचं आणि तुमच्या चॅसीखाली चढवायचं. थोडी भोकं पाडावी लागतात पण बसतं, लोक वर्षानुवर्षं बसवतायत. पण इंजिनाचे माउंट त्याच क्रॉसमेंबरवर असतात, म्हणजे इंजिन वरून टांगून ठेवा, स्टीअरिंग जुळवा, आणि आणलेले बुश, बॉल जॉइंट सगळे जुनेच असणार ते परत नवीन घाला. स्वस्त दिसतं, पडत नाही.

दुसरा, क्रॉसमेंबर आणि आर्म तुमचेच ठेवायचे आणि फक्त ड्रॉप स्पिंडल, रोटर (ब्रेकची थाळी), कॅलिपर (ती दाबून धरणारा भाग). तुम्हाला हाच सांगेन. घेताना तीन गोष्टी विचारा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड कुठल्या सालाचे लागतात, आणि ते त्याच सेटमध्ये घ्या, टेपर (सांध्याच्या दांड्याचा निमुळतेपणा) जुळला नाही तर काही खरं नाही. रोटर किती जाडीचा, कारण स्क्वेअर बॉडीत १ इंची आणि सव्वा इंची दोन्ही येतात आणि ड्रॉप स्पिंडल बहुतेक सव्वा इंचीसाठी असतात. तिसरं, चाकाला किती नट.

हे तिसरं सगळ्यात चावतं. १९७० ला सहा नटांची चाकं, ७१ पासून पाच. पुढे डिस्क लावल्या की पुढे पाच, मागे सहा. मग स्टेपनी कुठली ठेवणार? एकतर सहा नटांचे रोटर येतात ते घ्या, नाहीतर मागचे ॲक्सल शाफ्ट आणि ड्रम पाच नटांचे करा.

ह्यूस्टनवाला

बाप रे. सहा नटांचे रोटर. मूळ चाकं आणि त्यांच्या झाकण्या मला ठेवायच्याच आहेत.

जंकयार्ड_जाधव

मग चाक कॅलिपरला घासत नाही ना ते आधी हाताने चढवून फिरवून बघा. ड्रमच्या काळातलं प्रत्येक चाक डिस्कवरून जाईलच असं नाही. आणि काही कंपन्यांच्या ड्रॉप स्पिंडलने चाक थोडं बाहेर येतं, गाडी खाली आणि चाक बाहेर म्हणजे वळताना टायर फेंडरच्या कडेला लागणार. रुंद टायर घालायची हौस असेल तर ती नंतर.

आजोबा_ठाणे

ब्रेक बदलताय हे बरं करताय. माझा विरोध तेवढ्यापुरता मागे. मास्टर सिलिंडरचं काय?

डेट्रॉइटी

आजोबांनी नेमकं विचारलं. १९६७ पासून मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा आहे त्यामुळे पुढचा आणि मागचा सर्किट वेगळा आहेच, पण तो दोन्हीकडे ड्रम धरून बनवलेला. डिस्कला जास्त तेल लागतं आणि ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा जो व्हॉल्व्ह असतो तो डिस्कच्या बाजूला राहिला तर पॅड कायम घासत राहतात. डिस्क-ड्रमचा मास्टर सिलिंडर आणि सोबत कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह घ्या. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात, तो व्हॉल्व्ह मागचा दाब आवरतो. बूस्टर (पेडलला मदत करणारा डबा) नसेल तर पेडल जड लागेल, तेही बघा.

मृण्मयी_एलए

अवांतर आहे पण राहवत नाही. गाडी खाली आणणं हा आमच्या इथे नुसता मेकॅनिकचा विषय नाही. ईस्ट एलएमधल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या शेवी (शेवरोले) घेऊन, डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून खाली केल्या आणि व्हिटिअर बुलेव्हार्डवरून हळूहळू, मिरवत चालवल्या. ज्यांना शहर आपलं मानत नव्हतं त्यांनी रस्ता आपला केला. त्यावर कॅलिफोर्नियाने कायदा आणला, व्हेइकल कोडचं कलम २४००८, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. पोलीस थांबवून माप घ्यायचे.

मग १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे नावाच्या माणसाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, गेला की खाली. कायद्याचं माप पाळलंच ना. त्या पंपांतून पुढे उड्या मारणाऱ्या लोरायडर गाड्या आल्या. आणि ते निर्बंध अखेर उठले कधी तर १ जानेवारी २०२४ ला, एबी ४३६ या कायद्याने.

म्हणून टेक्सासच्या गॅरेजमध्ये मराठी माणूस मिरवणुकीचा ट्रक खाली आणतोय हे वाचून मला फार मजा वाटली.

कुंपणावरची

मृण्मयी, ट्रकला हायड्रॉलिक लावा! मोरया म्हटलं की पुढून उडी, पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं की मागून.

ह्यूस्टनवाला

आणि मूर्ती विमा कंपनीच्या नावाने.

मृण्मयीताई, भारी माहिती. टेक्सासात २०२५ पासून साध्या गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद झालंय, त्यामुळे इथे कुणी माप घेत नाही. म्हणजे जे काही नीट करायचं ते आपणच.

डेट्रॉइटी

ते रिमचं माप मात्र कायदा नसला तरी पाळा. टायर पूर्ण बसला, गाडी रिमवर आली, तर एकही आर्म, ब्रेकची लाइन किंवा क्रॉसमेंबर रस्त्याला लागता कामा नये. काम झालं की दोन रिमच्या खालच्या कडांमध्ये दोरी ताणा आणि खाली आडवं पडून बघा. दोरीच्या खाली काही दिसलं तर ते बदला.

सांगलीचा_सागर

आमच्याकडे उलटं आहे राव. द्राक्षाच्या सीझनला पिकअप आली की पहिलं पाटेवाल्याकडे, मागे दोन पाटे जादा टाक म्हणून. गाडी रिकामी असली की बोकडासारखी उधळते, पण क्रेट भरले की सरळ. तुम्ही पैसे देऊन खाली करताय. 😄

एक प्रश्न, भावाची पिकअप आहे, पुढेही पाटेच आहेत. हा धागा बघून त्याला पण "खाली कर" म्हणून किडा चावलाय. हे स्पिंडल त्याला चालेल का?

डेट्रॉइटी

नाही. पुढे पाटे आणि सरळ ॲक्सल असेल तर तिथे बॉल जॉइंट-आर्म हा प्रकारच नाही. तसल्या जुन्या अमेरिकन ट्रकना (१९५० च्या दशकातल्या) मधे खाली वाकवलेला, टोकं वर असलेला ॲक्सल बसवतात. कल्पना तीच, चाक वर, गाडी खाली.

निनाद_पुणे

@सागर, भावाला आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचायला द्या. नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेले जे तपशील आहेत त्यांच्याशी फारकत घेणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. अपघात झाला तर विमावाले पहिलं हेच काढतात. कायदा सोडा, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो, आणि आपल्या गावात तो कुणी टाकलाय आणि किती उंच टाकलाय हे त्यालाच माहीत.

सांगलीचा_सागर

पटवलं. तो आता स्टिकरवर आलाय.

जुना_खोंड

एवढं सगळं वाचून पण सांगतो, माझा एक वेढा कापलेला ट्रक मस्त चालला. फार शिकलेल्यांचं असंच असतं.

डेट्रॉइटी

@जुना_खोंड, चालला असेल, मी नाही म्हणत नाही. एस१० छोटा ट्रक आणि एकच वेढा. कापायचंच असेल तर अर्ध्या वेढ्याने सुरुवात करा आणि ग्राइंडरनेच कापा. गॅस कटरने तापवून बसवणारे महाभाग आहेत त्यांच्यापासून लांब राहा, तापलं की स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि मग ती कुठे जाऊन थांबेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

ह्यूस्टनवाला

ठरवलं. २.५ इंची ड्रॉप स्पिंडल, सव्वा इंची सहा नटांचे रोटर, डिस्क-ड्रमचा मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह. मापं घेतली तर ड्रायव्हरची बाजू पाऊण इंच खाली निघाली, म्हणजे स्प्रिंगा गेल्याच आहेत, १ इंची ड्रॉप स्प्रिंग दोन्हीकडे नवीन, सहा सिलिंडरवाल्या. स्पिंडल उद्यमनगरांनी सांगितलं तसं चाचपून बघेन, हातोडीही मारेन, कळेल न कळेल.

मी हे स्वतः करणार आहे. स्प्रिंग काढायला भीती वाटते हे खरं.

जंकयार्ड_जाधव

वाटायलाच पाहिजे. ज्याला वाटत नाही त्याच्या गॅरेजात मी जात नाही.

गाडी चॅसीखाली घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. शॉकअप काढा. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा आणि शिवाय एक जाड साखळी स्प्रिंगच्या आतून ओवून आर्म आणि क्रॉसमेंबरला बांधा, म्हणजे स्प्रिंग सुटली तरी उडून येणार नाही. खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक टेकवा. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण *पूर्ण काढू नका*, चार-पाच आटे राहू द्या. मग स्पिंडलच्या कानावर, म्हणजे जिथे टेपर बसलाय त्याच्या बाजूला, मोठ्या हातोडीने दोन-तीन सणसणीत. टेपर सुटताना "टक" असा आवाज येतो आणि आर्म नटावर येऊन थांबतो. आता जॅकचं वजन नीट आलंय ना बघा, नट काढा, जॅक इंचाइंचाने खाली. तोंड, हात, पाय कुठलंच स्प्रिंगच्या समोर नको. बाजूला कुणीतरी उभं ठेवा, फोन हातात असलेलं.

फाट्यासारखं हत्यार ठोकून बॉल जॉइंट सोडवतात तसं करू नका, रबर फाटतं. नवीन घालणार असाल तर फाटू दे म्हणा.

मृण्मयी_एलए

बाजूला उभं राहणारं माणूस व्हिडिओ काढत नसावं एवढं बघा.

उद्यमनगर

हातोडी स्पिंडलला टांगून मारा, जमिनीवर ठेवून नाही. जमिनीवर ठेवलं की सगळंच बद्द वाजतं.

ह्यूस्टनवाला

आणि अलाइनमेंट? आमच्याजवळच्या एका दुकानाने "खाली केलेली गाडी आम्ही घेत नाही" म्हणून फोनच ठेवला.

डेट्रॉइटी

जुन्या ट्रकचं काम करणारं दुकान शोधा, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) टाकणारं. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे शिम असतात, कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा आत-बाहेरचा आणि स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागचा कल) त्यांनीच जुळतं, नुसता टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर) बघून पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका. नवीन स्प्रिंग थोडी बसते, त्यामुळे आधी टो घरी दोरीने अंदाजे सरळ करून थोडं फिरवा, मग न्या. आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करा. हवेत लटकलेली असताना आवळलेत तर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं.

आजोबा_ठाणे

पुढून खाली आणि मागून वर अशी गाडी नांगरासारखी दिसणार. मागचं "नंतर बघू" म्हणालात त्याचं काय? आणि वजनाचं?

जंकयार्ड_जाधव

आजोबा आता पक्के आतले झाले. 🙂

१९७० च्या सी१० ला मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत, लांब ट्रेलिंग आर्मवर. शेवीला पाटे सरसकट आले ते ७३ पासून. म्हणजे मागे पण ड्रॉप कॉइल घालायच्या, पण तिथे एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड, जो ॲक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवतो. त्याचं एक टोक चॅसीला, एक ॲक्सलला. गाडी खाली आली की तो दांडा तिरपा होतो आणि अख्खा मागचा ॲक्सल एका बाजूला सरकतो, एक टायर फेंडरच्या आत आणि दुसरा बाहेर. ॲडजस्टेबल पॅनहार्ड घ्या. आणि मिरवणुकीचं वजन असेल तर मागे ३ इंचांच्या पुढे जाऊ नका, ॲक्सल वर उचलून चॅसीला आपटेल. चॅसीला खाच पाडून मजबुतीची पट्टी लावली तरच पुढे.

ह्यूस्टनवाला

मागे ३ इंचच मग. ॲडजस्टेबल पॅनहार्ड पण यादीत टाकला. पार्ट मागवतो, काम सुरू झालं की फोटो टाकतो.

सांगलीचा_सागर

जुने ड्रम, स्पिंडल फेकू नका, बांधून ठेवा. हौशी लोक मूळ पार्ट शोधत येतात.

कुंपणावरची

आणि चढणाऱ्या काकांना पायरी बसवा, त्यांना ३ इंच पुरायचे नाहीत.